रानातले गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या घराघरांत गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. मंदिराची रंगसफेदी होते, पाळणा सजतो, सुंठवडा कुटला जातो, महाप्रसादाच्या याद्या निघतात. हे सगळे आपण वर्षानुवर्षे भक्तिभावाने करत आलो आहोत आणि करत राहू. पण या अंकाच्या निमित्ताने मला दत्तप्रभूंच्या एका निराळ्या अंगाविषयी चार शब्द बोलायचे आहेत. मी काही कीर्तनकार नाही, शास्त्री तर नाहीच. बँकेच्या काउंटरमागे आयुष्य गेलेला, बी.कॉम. झालेला साधा कारकून. चूकभूल आपण पदरात घ्यावी.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदू राजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. भगवान श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात. याच स्कंधावर नाथमहाराजांनी आपले भागवत लिहिले आणि शके 1495 मध्ये, म्हणजे इसवी सन 1573 साली, काशीक्षेत्री ते पूर्ण केले. यदूला एक तरुण अवधूत भेटतो. अंगावर धड वस्त्र नाही, जवळ उद्याची भाकरी नाही, आणि चेहऱ्यावर मात्र पूर्ण तृप्ती. राजा विचारतो, महाराज, ही तृप्ती आली कुठून? अवधूत सांगतो, मी चोवीस गुरू केले. परंपरेने हा अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभूच.

चोवीस गुरूंची नावे आपल्यापैकी अनेकांना पाठ असतील. मी एकदा जुन्या सवयीने त्या यादीची वर्गवारी केली. पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य आणि समुद्र, हे झाले आठ. कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, सर्प, कोळी आणि कुंभारमाशी, हे झाले अकरा. राहिली पाच माणसे. मध गोळा करून नेणारा, पिंगला नावाची गणिका, एक लहान मूल, एक लग्नाची मुलगी आणि बाण तयार करणारा कारागीर. आठ, अकरा आणि पाच. बेरीज चोवीस, ताळा जुळला.

आता या ताळेबंदाकडे जरा नीट बघा. पाच माणसांत एकही पंडित नाही, राजा नाही, मठाधिपती नाही. आणि चोवीसपैकी एकोणीस गुरू हे ज्याला आपण आज निसर्ग म्हणतो त्यातले आहेत. ज्यांना आपण जगद्गुरू म्हणतो, त्यांची शाळा अशी उघड्यावर भरत होती. बहुतेक तसबिरी आठवा. मागे औदुंबर, शेजारी गाय, पायाशी चार श्वान. डोक्यावर छप्पर काही दिसत नाही. गिरनारच्या दत्तशिखराकडे जाणारा यात्रेकरू आज सिंहांच्या अभयारण्यातून चढत असतो, 2008 सालापासून त्या डोंगराला तसा दर्जा आहे. श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांनी अवतारकार्य आवरते घेताना वाट धरली ती श्रीशैलच्या कर्दळीवनाची. नल्लमलाचे ते जंगल आज वाघांसाठी राखलेले आहे. म्हणजे आपल्या संप्रदायाचा आणि रानाचा संबंध हा काही कोणी नव्याने जोडलेला नाही.

मग प्रश्न असा की आपण भिवंडीकर या गुरूंच्या दर्शनाला जातो का?

आपले गाव यंत्रमागाचे. दिवसरात्र खडखडाट. आताशा त्यात गोदामांची भर पडली आणि ट्रकच्या रांगा वाढल्या. कामवारी नदीची अवस्था आपण रोज पुलावरून बघतो. इथे कुठले आले रान, असे म्हणावेसे वाटते. पण दोन दिशांना दोन अभयारण्ये आपल्या हाताशी आहेत. शहापूर-वाड्याकडे तानसा अभयारण्य, सुमारे 320 चौरस किलोमीटरचे. आणि वसईच्या बाजूला, वज्रेश्वरीच्या मागे दिसणाऱ्या डोंगररांगेत तुंगारेश्वर अभयारण्य, सुमारे 85 चौरस किलोमीटरचे, 2003 साली जाहीर झालेले. अंजूरफाट्यावरून कामण, चिंचोटी करत महामार्गाला लागायचे, तुंगारेश्वर फाट्यावर वळायचे आणि वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आत शिरायचे. तिथून महादेवाच्या मंदिरापर्यंत तीनएक किलोमीटरची वाट आहे. ती ओढ्याच्या संगतीने जाते आणि दोन-तीनदा ओढा ओलांडतेही.

गेली काही वर्षे आमची दहा-बारा ज्येष्ठ मंडळी दत्तजयंतीच्या आधी एका सकाळी तिथे जातात. कोणाचे गुडघे धरलेले, कोणाला मधुमेह, एकाच्या छातीत स्टेंट. डोंगर सर करायला आम्ही जात नाही. जमेल तेवढे चालतो, दमलो की दगडावर टेकतो. ऐन, खैर, साग, कळंब, कुडा, मोह अशी झाडे. मार्गशीर्षात गवत पिवळे पडू लागते, ओढ्याचे पाणी निवळशंख होते, हवेत गारवा असतो. काही जण विचारतात, नामस्मरण घरी बसून होते, त्यासाठी रानात कशाला जायचे? होते ना, नक्कीच होते. पण गुरूची पोथी घरात वाचायची आणि गुरू दोन तासांच्या अंतरावर असताना भेटायला जायचे नाही, हे काही मनाला पटत नाही.

भेटायला जायचे म्हणजे कसे जायचे, हेही अवधूताच्या गुरूंनीच सांगून ठेवले आहे.

त्या लग्नाच्या मुलीची गोष्ट घ्या. तिला बघायला पाहुणे आले, घरात दुसरे कोणी नाही, म्हणून ती भात कांडायला बसली. हातातल्या बांगड्या किणकिणू लागल्या. घरात तांदूळसुद्धा तयार नाहीत हे पाहुण्यांना कळेल, म्हणून तिने एकेक करत बांगड्या उतरवल्या. दोन राहिल्या तरी वाजत होत्या. प्रत्येक हातात एकच उरली तेव्हा आवाज थांबला. आम्ही रानात शिरताना बारा जणांचा घोळका मोडतो आणि दोघे-दोघे होऊन अंतर ठेवून चालतो. बोलायचे असेल तर नाक्यावर बोलून घ्यायचे. पहिली दहा मिनिटे फार जड जातात. आपल्या कानांना मागांची इतकी सवय की शांतता म्हणजे काहीतरी बंद पडले असे वाटते. मग हळूहळू एकेक आवाज वेगळा होऊ लागतो. सुके पान पडल्याचा आवाज. ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तूर, अगदी माणसासारखी शीळ. दूर कुठे भेकराचे भुंकणे. भेकर म्हणजे छोटे हरीणच, पण धोका जाणवला की कुत्र्यासारखे भुंकते.

हरीणही गुरूंच्या यादीत आहे. शिकाऱ्याच्या गाण्याला भुलून ते जाळ्यात सापडते, म्हणून साधकाने कानांना जपावे, असा त्याचा धडा. आजची गंमत पहा. तरुण मुले मोठमोठे स्पीकर घेऊन रानात येतात, गाणी लावतात आणि गाणे ऐकून हरीण चार डोंगर पलीकडे पळते. पूर्वी गाण्याने हरणाचा जीव जायचा, आता गाण्याने त्याचे घर जाते. मुलांनाच दोष देण्यात अर्थ नाही. आपण भजनी मंडळ घेऊन गेलो आणि टाळ-मृदंगासह लाऊडस्पीकर लावला, तरी भेकराच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. भजन आपल्या मंदिरात व्हावे. रानात ऐकण्याची पाळी आपली.

आता माशाकडे येऊ. जिभेच्या लोभाने मासा गळाला लागतो, हा अवधूताने घेतलेला बोध. वाटेवर वानरे असतात, लाल तोंडाची माकडेही असतात. आमच्यातल्या एका गृहस्थांनी पिशवीतून केळी काढली. मी म्हटले, “अण्णा, राहू द्या.” ते म्हणाले, “अहो, मारुतीरायाचं रूप आहे. एक केळं दिलं तर पुण्यच ना?” भाव चांगलाच होता. पण विचार करा. वानराला रानातला पाला, कोवळे कोंब, उंबरे, जांभळे पुरतात. आपल्या केळ्याने त्याची भूक भागत नाही, सवय लागते. सवय लागली की ते झाड सोडून रस्त्याच्या कडेला येऊन बसते. गाडीखाली सापडते. बायकांच्या हातातली पिशवी ओढते, मुलाला ओरबाडते, आणि मग आपणच तक्रार करतो की माकडे फार माजली. गळाला आमिष लावणारा हात आपलाच असतो. अण्णांनी केळी परत पिशवीत ठेवली आणि घरी जाताना नाक्यावरच्या रखवालदाराच्या मुलांना दिली. पुण्य कुठे गेले नाही, फक्त पत्ता बदलला.

मधमाशी आणि मध नेणारा हे दोन गुरू मला व्यवसायामुळे जरा जवळचे. मधमाशी फुलाफुलातून थोडे-थोडे घेते, फुलाला दुखवत नाही, हा एक बोध. पण साठवून ठेवलेला मध ती स्वतः खात नाही, दुसराच कोणी येऊन घेऊन जातो, हा दुसरा. बँकेत दहा वर्षे ज्या खात्यांना कोणी हात लावला नाही, त्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात, 2014 पासून तशी व्यवस्था आहे. वारस आला तर पैसे परत मिळतात, बुडत नाहीत. पण त्या याद्या तयार करताना माझ्या हाताखालून गेलेली नावे आठवतात. कोणी पोटाला चिमटा काढून साठवले असतील, घरात कोणाला सांगितलेही नसेल. सांगायचे हे की मंडळी, नामांकन भरून ठेवा, आणि थोडे हातानेच द्यायला शिका. तुंगारेश्वरच्या वाटेवर एका उंच झाडाच्या फांदीखाली आग्या मोहळ लटकलेले दिसले होते. त्याच्याखालून आम्ही सगळे मान खाली घालून, एकही शब्द न बोलता पुढे गेलो. साठवलेल्याची राखण किती मोठी असते, हे तिथे न सांगता कळते.

वाटेच्या कडेला चक्रासारखी जाळी विणून बसलेले कोळी दिसतात. कोळी स्वतःतून धागा काढतो, त्यात वावरतो आणि पुन्हा तो गिळून टाकतो. परमेश्वरही असाच विश्व निर्माण करतो आणि आपल्यात सामावून घेतो, असे अवधूत सांगतो. ही नुसती उपमा नाही. अशी चक्राकार जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या कित्येक जाती जुने जाळे खरोखर खाऊन टाकतात आणि नवे विणतात, हे आज प्राणिशास्त्रही सांगते. म्हणजे ज्याने हा दृष्टांत दिला त्याने आधी पहाटे उठून कोळी बघितला होता. आपण काठीने ते जाळे उडवून पुढे जातो. बाजूने वाकून गेले तर काय बिघडते? कमरेला थोडा व्यायाम.

उंबराविषयी दत्तभक्ताला काही सांगावे लागत नाही. हिरण्यकश्यपूच्या वधानंतर नरसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमला, ही गुरुचरित्रातली कथा आपण ऐकलेली आहे. ‘उंबराचे फूल’ म्हणजे कधी न दिसणारी वस्तू, असा आपल्या भाषेतला वाक्प्रचार आहे. खरे तर फूल असते, पण फळाच्या आत. शेंड्याच्या बारीक छिद्रातून एक नखाएवढीसुद्धा नसलेली माशी आत शिरते, फुलांचे परागीभवन करते, आणि तिथेच तिची पिल्ले वाढतात. ही माशी नाही तर उंबराचे बी नाही, आणि उंबर नाही तर ती माशी नाही. उंबराच्या जातीची झाडे एकाच वेळी फळत नाहीत, कुठे ना कुठे वर्षभर फळ असतेच. रानात दुसरे काही नसेल तेव्हा वानरे, वटवाघळे, बुलबुल आणि आपला राज्यपक्षी हरियाल उंबरावरच जगतात. दत्तगुरू या झाडाखाली का राहतात, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, जिथे रोज सर्वांना जेवण असते तिथेच अन्नदात्याचे ठाणे असणार. आपण मंदिरात एका औदुंबराला कठडा बांधतो, प्रदक्षिणा घालतो. रानातल्या उंबरांना कठडा नाही, म्हणून ते कोणाचे नाहीत असे होत नाही.

आणि पाणी. जल हा अवधूताचा चौथा गुरू. स्वच्छ, मधुर आणि दुसऱ्याला शुद्ध करणारा. तानसा धरण 1892 साली पुरे झाले, तेव्हापासून त्याचे पाणी मुंबईला जाते. आपल्या तालुक्यातून जाणारे ते अवाढव्य नळ आपण लहानपणापासून बघत आलो. पण ते पाणी नळात तयार होत नाही. तलावाभोवतीचे जंगल पावसाचे पाणी धरून ठेवते, माती वाहू देत नाही, म्हणून तलाव भरलेला राहतो. मुंबईतला माणूस सकाळी नळ सोडतो तेव्हा त्याच्या आंघोळीमागे शंभर किलोमीटरवरचे ऐन आणि साग उभे असतात. पृथ्वी या गुरूच्या धड्यातच अवधूताने डोंगर आणि झाड यांचे नाव घेतले आहे. त्यांचे सगळे जगणे दुसऱ्यासाठी.

आता ज्याची सगळ्यांना उत्सुकता असते त्याच्याविषयी. बिबट्या. रानात जाऊन आलो म्हटले की पहिला प्रश्न, “दिसला का?” नाही दिसला. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ओढ्याकाठच्या ओल्या वाळूत पंजाचे ठसे दाखवले होते वनरक्षकाने, तेवढेच.

पण एका बिबट्याची खरी हकीकत सांगतो. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक वयस्क नर बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढले. संशोधिका विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात उपग्रहावरून माग लागेल असा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. नाव ठेवले ‘आजोबा’. या आजोबाने सुमारे पंचवीस दिवसांत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर मजल मारली. कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडली, आपल्या या तानसा-तुंगारेश्वरच्या पट्ट्यातून आला, वसईची खाडी पोहून गेला आणि मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोहोचला. वाटेत एवढी गावे लागली, माणसाला त्याने इजा केली नाही. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. 2021 मध्ये ‘महाराजा’ नाव दिलेल्या दुसऱ्या एका पट्टा बांधलेल्या बिबट्याने वसई-दिवा रेल्वेमार्ग आणि चिंचोटी-भिवंडी रस्ता ओलांडून राष्ट्रीय उद्यान ते तुंगारेश्वर अशी ये-जा केली. आपण ज्या रस्त्यावर ट्रकच्या रांगेत अडकून चिडचिड करतो, तोच हा रस्ता. रात्री कधीतरी त्याच डांबरावरून कोणी महाराज निःशब्द पलीकडे जात होते.

दत्तप्रभू काशीत स्नान करतात, कोल्हापुरी भिक्षा मागतात, माहूरला निद्रा करतात, असे आपण मानतो. एका जागी थांबायचे नाही, हे अवधूताचे लक्षण. मला आजोबा बिबट्याची हकीकत वाचताना हेच आठवले. त्याचा शेवट मात्र सांगायला जड जातो. डिसेंबर 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाने त्याला धडक दिली. घाट, रेल्वे, खाडी पार करून आलेला तो जीव शेवटी रस्त्यावर गेला. आपण पादुकांची वाट झाडून ठेवतो, तिथे रांगोळी काढतो. या फिरस्त्यांच्या वाटा मात्र आपल्या नकळत दर वर्षी अरुंद होत आहेत. रात्री त्या पट्ट्यातून गाडी जात असेल तर चालकाला एवढे तरी सांगा, “बाबा, जरा हळू.” तेही दत्तसेवेत जमा होईल.

आता मुख्य गोष्ट. बिबट्या दिसला नाही, मग दर्शन झाले की नाही?

इथे पिंगला गुरू पुढे येते. विदेह नगरातली ही गणिका. नटूनथटून दारात उभी राहायची, हा येईल, तो येईल, कोणीतरी धनवान येईल. एका रात्री मध्यरात्र उलटली तरी कोणी आले नाही. आत-बाहेर करून ती थकली आणि अचानक तिला कळले की आपल्याला जागे ठेवणारा कोणी गिऱ्हाईक नाही, आपली आशा आहे. तिने आशा सोडली आणि ती सुखाने झोपली. पिंगलेचा धंदा बाजूला ठेवा, तिचे दार बघा. मंडळी, आपल्या वयात आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या दारात उभे असतो. मुलाचा फोन येईल. सून विचारेल. जुन्या ऑफिसमधले कोणी आठवण काढतील. डॉक्टर म्हणतील, रिपोर्ट चांगला आहे.

आमच्याबरोबर एक काकू येतात. यजमान गेले, मुलगा परदेशात. रविवारी रात्री त्याचा फोन यायचा, म्हणून शनिवारपासून त्यांची तगमग सुरू. फोन उशिरा आला तर घास उतरत नसे. पहिल्या वर्षी त्या केवळ शेजारणीच्या आग्रहाने आल्या. ओढ्याच्या काठी एका दगडावर तासभर बसल्या. समोर काहीच घडत नव्हते. एक निळा खंड्या आला, पाण्यात सूर मारला, उडून गेला. मग फुलपाखरे ओल्या मातीवर येऊन बसली. परतताना त्या म्हणाल्या, “भाऊ, इथे कोणी येईल म्हणून बसावंसं वाटत नाही. जे येतं ते येतं. गेलं तर जातं.” मी गप्प राहिलो. एकादश स्कंध जे सांगतो ते काकूंनी दोन वाक्यांत सांगितले होते. त्या अजूनही रविवारी फोनची वाट बघतात, आईच ती. पण आता जेवून मग वाट बघतात.

रानाचे दर्शन असे असते. मंदिरात आपण रांग लावतो, नवस बोलतो, अमुक दे म्हणतो. तिथे देव आपल्यासाठी बसलेला असतो. रानातले गुरू आपल्यासाठी बसलेले नाहीत. त्यांचे त्यांचे काम चालू असते, आपण गेलो काय, न गेलो काय. तिथे मागणी चालत नाही. पैसे भरून पंजा दाखवा म्हणता येत नाही. हात जोडून, आवाज न करता, मिळेल ते घ्यायचे आणि नाही मिळाले तरी तेवढ्याच समाधानाने परतायचे. उतारवयात हेच शिकायचे बाकी असते, नाही का?

आणि आशा सोडणे म्हणजे निराश होणे नव्हे. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. 1884 नंतर ते कोणालाच दिसले नाही, नामशेष झाले असे धरून चालले होते. 1997 साली, तब्बल 113 वर्षांनी, ते आपल्या महाराष्ट्रात शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसले. आणि 2014 मध्ये तर ते तानसाच्या जंगलात आढळले, आपल्या अगदी शेजारी. शंभर वर्षे ते काही कोणी बघावे म्हणून थांबले नव्हते. त्याचे रान शिल्लक होते, म्हणून ते होते. आपल्याला दिसत नाही म्हणजे नाही, असा हिशेब तिथे चालत नाही. गुरुकृपेचेही तसेच असावे.

म्हणून यंदाच्या दत्तजयंतीला माझी एक विनंती. सप्ताह होऊ द्या, पाळणा होऊ द्या. त्यानंतर एखाद्या सकाळी चार जणांनी मिळून या गुरूंच्या दर्शनाला जावे. पावसाळ्यात जाऊ नये, ओढे आणि धबधबे भुलवतात आणि दर वर्षी जीव घेतात. कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम. वनरक्षक सांगेल ते ऐकावे, नेमलेली वाट सोडू नये, ऊन कलायच्या आत परतावे. पाणी घरून न्यावे, स्टीलच्या बाटलीत. प्रसाद न्यायचा तर कापडी पिशवीत, पत्रावळ आणि प्लास्टिक जसे नेले तसे परत आणावे. चूल, शेकोटी, उदबत्ती काही पेटवू नये, अभयारण्यात आग लावायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. कोणाला खाऊ घालू नये. ज्यांना चालवत नाही त्यांनी नाक्याजवळ, एखाद्या झाडाच्या सावलीत तासभर गप्प बसावे. तेही दर्शनच.

नातवंडांना बरोबर न्या. चोवीस गुरूंत एक लहान मूलही आहे, हे विसरू नका. आपल्याला गुडघ्यामुळे खाली वाकता येत नाही, ते वाकून बघते आणि ओरडते, “आजोबा, हे बघा!” तेव्हा त्याला हळूच सांगा, बाळा, ओरडू नकोस, गुरुजींचा वर्ग चालू आहे.

पुढच्या पिढीने गुरुचरित्राबरोबर हा चोवीस गुरूंचा अध्यायही वाचावा, आणि वाचताना ‘अजगर म्हणजे काय’, ‘भेकर कसे ओरडते’ हे पुस्तकात शोधायची वेळ तिच्यावर येऊ नये. गुरूच उरले नाहीत तर पोथी कोणाविषयी वाचायची? एवढीच प्रार्थना दत्तचरणी ठेवतो आणि हे बोलणे आवरते घेतो.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥